विम्याचा हिशेब : अकरा वर्षं क्लेम नाही, मग हप्ता का वाढला?

विम्याचे दर कसे ठरतात, याबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत जिथे ‘समजा’ म्हटलं आहे तिथले आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. ते घेऊन एजंटाशी भांडायला जाऊ नका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. विमा रक्कम ४ कोटी : इमारत १ कोटी २० लाख, यंत्रं १ कोटी ९० लाख, सूत आणि तयार माल ९० लाख. अकरा वर्षांत एकही क्लेम घेतलेला नाही. तरी यंदा आगीच्या पॉलिसीचा हप्ता २२ टक्क्यांनी वाढवला. गाडीला क्लेम नसला की बोनस देतात, मग कारखान्याला ही शिक्षा कशासाठी?
— टॉवेल उत्पादक, सोलापूर

तुमची चीड समजते, पण दर ठरवणाऱ्याला तुमची अकरा वर्षं फार थोडं सांगतात. समजा, तुमच्यासारख्या दीडशे कारखान्यांत मिळून वर्षाला एक मोठी आग लागते. अशा सर्वसाधारण कारखान्यात सलग अकरा वर्षं काहीच न घडण्याची शक्यता ९३ टक्के येते. आता दुप्पट धोक्याचा कारखाना घ्या : जुनी वायरिंग, छताला लोंबणारं तूस, पंचाहत्तरांमागे एक आग. त्याचीही अकरा वर्षं कोरी जाण्याची शक्यता ८६ टक्के आहे. ९३ आणि ८६. एवढ्या फरकावरून कारखाना सांभाळलेला आहे की नुसता नशिबवान, हे कोण ओळखणार?

यासाठी ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित करणारे तज्ज्ञ, ‘क्रेडिबिलिटी’ काढतात, म्हणजे ग्राहकाच्या स्वतःच्या अनुभवाला किती वजन द्यायचं आणि सगळ्या गटाच्या सरासरीला किती. एक जुनं, सर्वमान्य माप असं : क्लेमच्या संख्येचा अंदाज ९० टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आत बसायला हवा असेल, तर १,०८२ क्लेमचा अनुभव लागतो (१.६४५ भागिले ०.०५, त्याचा वर्ग). त्याहून कमी अनुभव असेल तर अपेक्षित क्लेम भागिले १,०८२ करून वर्गमूळ घ्यायचं. तुमच्या अकरा वर्षांतले अपेक्षित क्लेम ११ भागिले १५०, म्हणजे ०.०७३. वजन येतं ०.००८. एक टक्कासुद्धा नाही. उरलेलं ९९ टक्के वजन गटाचं. गाडीचं वेगळं असतं, कारण तिथे क्लेम लहान आणि वारंवार येतात, पाच वर्षांत चालकाबद्दल थोडंफार तरी कळतं. शिवाय किरकोळ ओरखड्यांचे क्लेम येऊ नयेत हाही त्या बोनसमागचा हेतू असतो.

आता हप्ता कसा बांधतात ते पाहा. समजा, आग लागली तर सरासरी नुकसान विमा रकमेच्या ३० टक्के, म्हणजे १ कोटी २० लाख. त्याला १५० ने भागा : ८०,००० रुपये. हा निव्वळ जोखमीचा खर्च. कमिशन, कार्यालय, सर्व्हेअर आणि पुनर्विम्याचा (विमा कंपनी स्वतःच्या जोखमीचा विमा उतरवते त्याचा) खर्च धरून ३० टक्के, आणि अनिश्चिततेसाठी ५ टक्के. इथे नवखी मंडळी हमखास चुकतात : ८०,०००वर ३५ टक्के चढवून १,०८,००० काढतात. पण हा खर्च हप्त्याच्या टक्केवारीत जातो. १,०८,०००मधून ३५ टक्के वजा केले तर ७०,२०० उरतात, जोखीमही भागत नाही. म्हणून ८०,००० भागिले ०.६५ करायचं : सुमारे १,२३,०००, म्हणजे हजारी ३ रुपये ८ पैसे.

या साखळीतली कुठलीही कडी हलली तरी हप्ता हलतो, तुमच्याकडे काडी पेटलेली नसली तरी. भारतात आगीच्या विम्याचं टॅरिफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेलं दरपत्रक, १ जानेवारी २००७ला उठलं आणि पुढे बरीच वर्षं कंपन्यांनी सवलतींची शर्यत लावली. मग २०१९पासून जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने काही धंद्यांसाठी अट घातली : इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्यूरोच्या लॉस कॉस्टपेक्षा (त्या धंद्यातला निव्वळ जोखमीचा खर्च) कमी दराने घेतलेली जोखीम आमच्या करारात चालणार नाही. पुढे अटीची व्याप्ती वाढली. पुनर्विमा देणारा हटून बसला की तुमच्या शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही.

तुमच्या हातात मात्र बरंच आहे. पाहणी अहवालात या गोष्टी लिहून आल्या तर अंडररायटर (कंपनीत जोखीम तपासून दर ठरवणारा) सवलतीचा विचार करतो : मागांच्या शेडमधलं तूस ठरलेल्या दिवशी काढल्याची नोंद; दिवे आणि गाठींच्या थप्पीत मोकळं अंतर; पॅनेलची थर्मोग्राफी (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी); डायिंगचा बॉयलर किंवा थर्मिक फ्लुइड हीटर वेगळ्या खोलीत; गोदाम आणि शेड यांच्यात छतापर्यंत गेलेली, दारं-खिडक्या नसलेली भिंत. शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची, कारण तिने एका आगीत जाणारा जास्तीत जास्त माल कमी होतो. भिंतीचा फोटो नाही, नकाशा द्या.

जाता जाता, तुमच्या पत्रातली यंत्रांची १ कोटी ९० लाख ही रक्कम ताळेबंदातल्या घसाऱ्यानंतरची वाटते. तेच माग आज नवे घ्यायला समजा २ कोटी ८० लाख लागणार असतील, तर विमा जेवढा कमी तेवढ्या प्रमाणात भरपाई कापतात : ४० लाखांच्या नुकसानीवर ४० गुणिले १.९ भागिले २.८, म्हणजे २७ लाख १४ हजारच हातात येतील. एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असली तर १ एप्रिल २०२१पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी लागू होते आणि तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ आहे. तुमची तूट ३२ टक्के आहे, म्हणून माफी नाही. रक्कम दुरुस्त केली तरी एकूण ४ कोटी ९० लाख होतात, म्हणजे याच पॉलिसीत बसता. २२ टक्क्यांच्या वाढीपेक्षा हे आधी बघा.

माझं वय ५४. आरोग्य विम्याची ५ लाखांची मूळ पॉलिसी यंदा ९ टक्क्यांनी वाढली, पण ५ लाखांच्या वरची सुपर टॉप-अप २४ टक्क्यांनी. दोन्हींत आजार तेच, दवाखाने तेच. मग हा दुजाभाव का?
— शिक्षिका, जुळे सोलापूर

दुजाभाव नाही, वजावटीचं गणित आहे : टॉप-अप ज्या रकमेच्या वर सुरू होतो ते ५ लाख म्हणजे वजावट. समजा, वर्षाचं बिल ८ लाख झालं. मूळ पॉलिसी पहिले ५ लाख देते, टॉप-अप वरचे ३ लाख. पुढच्या वर्षी उपचार १२ टक्क्यांनी महागले, तेच बिल ८ लाख ९६ हजार. मूळ पॉलिसी अजूनही ५ लाखच देणार, वाढ शून्य. टॉप-अपवर येतात ३ लाख ९६ हजार : वाढ ३२ टक्के. शिवाय ४ लाख ७० हजारांचं जे बिल पूर्वी टॉप-अपपर्यंत पोचतच नव्हतं, ते आता ५ लाख २६ हजारांचं होऊन तिथे पोचतं. म्हणजे क्लेमची रक्कमही वाढते आणि संख्याही. महागाईचा भार नेहमी वरच्या थरावर जास्त पडतो.

उपाय एकच : दर तीन-चार वर्षांनी मूळ पॉलिसीची रक्कम आणि टॉप-अपची वजावट दोन्ही सोबत वर न्या. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला आहे, तेव्हा तुलना करताना दोन्ही वर्षांचे आकडे करापूर्वीचे घ्या. नाहीतर वाढ प्रत्यक्षाहून कमी दिसेल. साठी ओलांडलेल्यांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीने आधी विमा नियामक इर्डाशी सल्लामसलत केली पाहिजे, असा जानेवारी २०२५चा आदेश आहे. तुम्हाला त्यासाठी अजून सहा वर्षं थांबावं लागेल.

आमच्या पतसंस्थेचे १,५०० कर्जदार आहेत, सरासरी कर्ज २ लाख. कर्जदार गेला तर घरच्यांवर बोजा नको म्हणून दरवर्षी प्रत्येकी ८०० रुपये घेऊन आपणच ‘कर्ज सुरक्षा निधी’ चालवावा, असं संचालकांच्या मनात आहे. विमा कंपनीला नफा कशाला द्यायचा? ८०० पुरतील ना?
— सचिव, एक पतसंस्था, अशोक चौक

आधी कायदा. ठरावीक पैसे घेऊन मृत्यूनंतर ठरावीक रक्कम द्यायचं वचन म्हणजे विम्याचा धंदा, आणि १९३८च्या विमा कायद्यानुसार नोंदणीशिवाय तो करता येत नाही. नाव ‘निधी’ ठेवलं म्हणून सुटका होत नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी आकडे काय म्हणतात ते संचालकांना दाखवण्यासारखं आहे.

मृत्यूचा दर कुठून घ्यायचा? आयुर्विमा कंपन्या १ एप्रिल २०१९पासून २०१२-१४च्या भारतीय विमाधारकांचा तक्ता वापरतात. त्यात तिशीतल्या माणसाचा वर्षाचा मृत्युदर हजारात एकाच्या जवळपास आहे. हा आकडा उचलून तुमच्या यादीला लावू नका. तो विमाधारकांचा आहे, आणि त्यांतले बरेच जण तपासणी किंवा प्रश्नावली ओलांडून आलेले असतात. तुमच्या यादीत यंत्रमागावरचे, विडीकामातले, चाळिशी-पन्नाशीचे लोक असणार आणि त्यांची कसलीही तपासणी झालेली नाही. म्हणून समजा हजारी ३ धरू. १,५०० कर्जदारांत वर्षाला ४.५ मृत्यू अपेक्षित, खर्च ९ लाख. जमा १२ लाख. तीन लाख शिल्लक, असं इतिवृत्तात लिहिलं जाईल आणि टाळ्या पडतील.

पण ४.५ ही सरासरी आहे. १२ लाखांत सहा मृत्यू भागतात, सातव्याला पैसे नाहीत. सरासरी ४.५ असताना सात किंवा जास्त मृत्यू होण्याची शक्यता पॉयसाँ वितरणाने (क्वचित घडणाऱ्या घटनांची संख्या मोजायचं सूत्र) १७ टक्के येते, म्हणजे साधारण सहा वर्षांतून एकदा निधी उघडा पडणार. आणि हा हिशेब प्रत्येक कर्ज नेमकं २ लाखांचं धरून केला आहे.

तुमची यादी तशी नसणार. समजा, १,३५० जणांची कर्जं १ लाखाची आणि १५० जणांची ११ लाखांची आहेत. सरासरी तीच, २ लाख. अपेक्षित खर्च तोच, ९ लाख. मात्र प्रमाण विचलन, म्हणजे खर्च सरासरीपासून किती हेलकावतो ते माप, काढताना अपेक्षित मृत्युसंख्येला कर्जाच्या वर्गाच्या सरासरीने गुणावं लागतं. सगळी कर्जं सारखी असताना ४.५ गुणिले ४, वर्गमूळ ४.२४ लाख. इथे वर्गाची सरासरी ०.९ गुणिले १ अधिक ०.१ गुणिले १२१, म्हणजे १३. ४.५ गुणिले १३, वर्गमूळ ७.६५ लाख. दुपटीच्या जवळ. शंभरातली नव्याण्णव वर्षं निभावायची तर ९ अधिक २.३३ (९९ टक्के खात्रीचा गुणक) गुणिले ७.६५, सुमारे २७ लाख पहिल्या दिवशी तिजोरीत हवेत. मोठ्या कर्जांमुळे वितरण उजवीकडे लांबतं, त्यामुळे खरी गरज याहूनही थोडी जास्त. सभासदांची सरासरी नोंदवहीत सहज मिळते, वर्गाची सरासरी कुणी काढत नाही, आणि छोटे निधी तिथेच बुडतात.

वर्गणी ऐच्छिक ठेवली तर आणखी एक दुखणं : ज्याला छातीचा त्रास आहे तो आधी ८०० भरतो, धडधाकट माणूस पुढच्या वर्षी बघू म्हणतो. हजारी ३चे हजारी ५ व्हायला वेळ लागत नाही.

करायचं काय? तीन-चार आयुर्विमा कंपन्यांकडून समूह कर्ज-संरक्षण योजनेचे दर मागवा. यादी देताना जन्मतारीख, लिंग, शिल्लक कर्ज, उरलेली मुदत आणि व्यवसाय हे पाच रकाने पूर्ण भरा. वयाऐवजी ‘सज्ञान’ लिहिलेली यादी गेली की दर देणारा सगळ्यांत वाईट वय धरतो. संरक्षण उतरत्या शिल्लकेवर घ्या, मूळ कर्जावर नको. तपासणीविना किती रकमेपर्यंत संरक्षण मिळतं ती मर्यादा लेखी घ्या, कारण तुमची ११ लाखांची कर्जं तिथेच अडकतील. आणि तीन वर्षांचा क्लेम अनुभव चांगला निघाला तर नफ्यातला वाटा परत मिळेल का, हे आत्ताच विचारा, नूतनीकरणाच्या वेळी नाही.

मंगळवेढ्याच्या रानात रब्बी ज्वारीचा पीक विमा भरला होता. माझ्या शेतात चार पोतीसुद्धा निघाली नाहीत आणि भरपाई आली हेक्टरी साडेचार हजारांच्या आत. हा हिशेब कोण करतं आणि कसा?
— शेतकरी, मंगळवेढा तालुका

पंतप्रधान पीक विमा योजनेत तुमचं शेत मोजत नाहीत, तुमचं महसूल मंडळ मोजतात. समजा, मंडळाची सात वर्षांची उत्पादकता हेक्टरी किलोत अशी आहे : ६२०, ४१०, ७८०, ७००, ३५०, ६९०, ५६०. त्यांतली सर्वांत चांगली पाच घ्यायची : ७८०, ७००, ६९०, ६२०, ५६०. सरासरी ६७०. जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा उत्पन्न ४६९. यंदा पीक कापणी प्रयोगांतून (निवडलेल्या शेतांतलं पीक कापून, तोलून) मंडळाचं उत्पन्न ४०० आलं, तर तूट ६९, भागिले ४६९ म्हणजे १४.७ टक्के. विमा रक्कम समजा हेक्टरी ३०,०००, तर भरपाई ४,४१४ रुपये. तुमच्या रानात शून्य निघालं असतं तरी एवढीच, आणि शेजाऱ्याला भरघोस पिकलं असलं तरी त्यालाही एवढीच.

यात दोन गोष्टी खुपण्यासारख्या आहेत. पहिली, ७० टक्के जोखीमस्तर. सरासरीपासून ३० टक्के खाली येईपर्यंत एक पैसा मिळत नाही. दुसरी कुणी बोलत नाही, ती प्रयोगांची संख्या. समजा, मंडळात दहा प्रयोग झाले आणि एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंत उत्पन्नाचं प्रमाण विचलन २०० किलो आहे. काळ्या खोल रानात आणि माळरानात एवढा फरक सहज पडतो. मग सरासरीतली प्रमाण त्रुटी २०० भागिले १०चं वर्गमूळ, म्हणजे ६३ किलो. खरं उत्पन्न ४०० असताना कागदावर ४६३ किंवा ३३७ येणं मुळीच नवलाचं नाही. ४६३ आलं तर हेक्टरी ३८४ रुपये, ३३७ आलं तर ८,४४४. कापणीच्या वेळी प्रयोगाची शेतं यादृच्छिक क्रमांकानेच निवडली जातात का, हे गावाने उभं राहून बघावं. भरपाई आल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा त्या दिवशी बांधावर दोन माणसं असणं जास्त उपयोगाचं.

कंपनी दर काढते तो याच मालिकेवरून : प्रत्येक जुन्या वर्षी किती भरपाई द्यावी लागली असती? वरच्या मालिकेत ४१०च्या वर्षी १२.६ टक्के, ३५०च्या वर्षी २५.४ टक्के, बाकी शून्य. सात वर्षांची सरासरी ५.४ टक्के. पण या आकड्यावर कुणी शहाणा ॲक्च्युअरी झोपत नाही. आठव्या वर्षी दुष्काळाने उत्पन्न १५० किलोवर आलं तर त्या एका वर्षाचे ६८ टक्के मिळवून सरासरी १३ टक्क्यांवर उडी मारते. म्हणून शेजारची मंडळं एकत्र घेतात, पावसाची लांब मालिका जोडतात, आणि वर अनिश्चिततेचा भार घालतात. शेतकऱ्याने भरायचे रब्बीला १.५ टक्के, म्हणजे ३०,०००वर ४५० रुपये. खरिपाला २, नगदी आणि फळपिकांना ५ टक्क्यांपर्यंत. वरचा फरक केंद्र आणि राज्य भरतं. राज्याची एक रुपयातली योजना २०२३च्या खरिपात आली आणि २०२५च्या खरिपापासून थांबली, तेव्हा आता हा दर तुम्हालाही लागतो.

ॲक्च्युअरी व्हायला आधी सीए किंवा इंजिनीअर असावं लागतं का? सोलापुरात राहून परीक्षा देता येतील का?
— बारावीचा विद्यार्थी

दोन्ही लागत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसेट ही प्रवेशपरीक्षा बारावीनंतर देता येते : गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचा अर्थ लावणं, इंग्रजी, तर्क. पुढे फेलो, म्हणजे पूर्ण पात्र ॲक्च्युअरी, होईपर्यंत तेरा विषय : मूलतत्त्वांचे सात, व्यवहाराचे तीन, विशेष तत्त्वांचे दोन आणि शेवटचा एक प्रगत. अभ्यास घरी बसून करायचा असतो, कॉलेजची हजेरी नाही. मात्र पहिले चार-पाच विषय सुटल्यावर नोकरीसाठी मुंबई, पुणे, बंगळूर, गुरुग्राम गाठावंच लागतं. पदवी संख्याशास्त्रात घ्या. तेरापैकी काही राहिले तरी ती वाया जात नाही.

एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी मोटार विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या क्लेमवर आर या संगणक-भाषेत जीएलएम (जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल) बसवतेय. मॉडेल सांगतंय की नव्याने विमा घेतलेल्या गाड्या जुन्या ग्राहकांपेक्षा फार सुरक्षित आहेत. मार्गदर्शकांना पटत नाही, मलाही. चूक कुठे असेल?
— विद्यार्थिनी, सोलापूर

नव्याण्णव टक्के, एक्सपोजरमध्ये, म्हणजे प्रत्येक पॉलिसी किती काळ चालली त्या मोजणीत. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक पॉलिसी एक ओळ असणार आणि नव्या ग्राहकांच्या बऱ्याच पॉलिसी आकडे काढले त्या तारखेला दोन-चार महिनेच चाललेल्या असणार. समजा, १,००० जुन्या पॉलिसी वर्षभर चालल्या, क्लेम ८० : वारंवारता ०.०८. नव्या १,००० पॉलिसी सरासरी तीन महिने चालल्या, क्लेम २४. ओळींनी भागलं तर ०.०२४, एकदम गुणी गाड्या. गाडी-वर्षांनी भागलं तर २४ भागिले २५०, ०.०९६. जुन्यांपेक्षा २० टक्के जास्त धोका. म्हणजे तुमच्या निष्कर्षाची दिशाच उलटी होते.

दुरुस्ती अशी. पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची, रद्द झाल्याची किंवा आकडे काढल्याची तारीख, यांतली जी आधी येईल ती घेऊन दिवस मोजा, ३६५ने भागा. पॉयसाँ मॉडेल, लॉग लिंक, आणि या एक्सपोजरचा लॉग ‘ऑफसेट’ म्हणून द्या. तो साधा चल म्हणून घातला तर आर त्याचा गुणांक स्वतः शोधेल; तो १वर बांधलेला हवा. एका ओळीच्या काळात नूतनीकरण आलं असेल तर ओळ तिथे तोडा, कारण नो क्लेम बोनस त्या दिवशी बदलतो.

यानंतरही काही खड्डे आहेत. शेवटच्या दोन-तीन महिन्यांतल्या अपघातांचे क्लेम अजून दप्तरी आलेले नसतात. ते महिने काढून टाका किंवा जुन्या वर्षांच्या क्लेम येण्याच्या वेगावरून वाढवून घ्या. पिअर्सनचा काय-वर्ग भागिले स्वातंत्र्यमात्रा १च्या बरीच वर असेल, म्हणजे क्लेम पॉयसाँ धरतो त्याहून जास्त विखुरलेले असतील, तर क्वासी-पॉयसाँ घ्या. गुणांक तेच राहतात, प्रमाण त्रुटी वाढते, आणि तारांकित दिसणारे अर्धे चल गळून पडतात. पडू द्या.

क्लेमची सरासरी रक्कम वेगळ्या मॉडेलमध्ये : गॅमा, लॉग लिंक, फक्त क्लेम आलेल्या ओळी, वजन म्हणून क्लेमची संख्या. पूर्ण गाडी गेलेले मोठे क्लेम एका हद्दीवर कापा, समजा २ लाखांवर, आणि वरचा भाग सगळ्यांवर सारखा पसरा. तसं केलं नाही तर एका पेटलेल्या एसयूव्हीमुळे अख्खा पिनकोड महाग दिसेल. शून्य रकमेचे, म्हणजे नाकारलेले किंवा मागे घेतलेले क्लेम वारंवारतेतून आणि रकमेतून एकाच नियमाने काढा. एकीकडे मोजले आणि दुसरीकडे नाही, तर गुणाकार चुकतो आणि ते कुठेही लाल अक्षरात दिसत नाही.

दोन्ही मॉडेलचे गुणांक घातांकात नेले की गुणक मिळतात. समजा, मूळ वारंवारता ०.०८, शहराचा गुणक १.२०, गाडीच्या वयाचा ०.९०, इंधनाचा १.१५. गुणाकार १.२४२, वारंवारता ०.०९९. सरासरी क्लेम २४,००० असेल तर निव्वळ हप्ता २,३८५. मूळ पातळी म्हणून सर्वाधिक एक्सपोजर असलेला गट निवडा; अकरा गाड्यांचा गट मूळ धरला तर सगळेच गुणक डळमळतात. नो क्लेम बोनस चल म्हणून घ्यायचा का, यावर मतभेद आहेत. बोनस वाचवायला लोक छोटे क्लेम स्वतःच्या खिशातून भागवतात, त्यामुळे त्याचा गुणांक चालकाचा गुण आणि लपवलेले क्लेम दोन्ही सांगतो. प्रकल्पात तो घालून आणि काढून, दोन्ही निकाल द्या.

तपासणीसाठी ओळींची चिठ्ठ्या टाकून विभागणी करू नका. तीच गाडी दोन्हीकडे येते आणि मॉडेल उगाच हुशार दिसतं. शेवटचं पूर्ण वर्ष बाजूला ठेवा, अंदाजानुसार गाड्या सारख्या एक्सपोजरच्या दहा गटांत लावा आणि प्रत्येक गटात अंदाज आणि प्रत्यक्ष क्लेम शेजारी मांडा. पहिल्या आणि दहाव्या गटात प्रत्यक्ष वारंवारतेचा फरक दिसला पाहिजे आणि मधले गट चढत गेले पाहिजेत. मधे कुठे घसरण दिसली तर त्या गटातल्या गाड्या उघडून बघा. बहुतेकदा त्यात एखादा चुकीचा भरलेला रकाना सापडतो, नोंदणीच्या वर्षाच्या जागी पॉलिसीचं वर्ष टाकलेला.